आगीची घंटा आणि काट्यावरची मावशी

माझी नात कॉम्प्युटरच्या पोटातलं काम करते. पोटातलं म्हणजे पडद्यावर दिसतं ते नव्हे. त्याच्या खाली एक प्रोग्राम असतो, त्याला ते कर्नल म्हणतात. सगळ्यांना कामाला लावतो आणि स्वतः कुणाला दिसत नाही. परवा ती घरी आली तीच वैतागून. कुणा नव्या मुलाने अख्खं मशीन लटकवलं होतं.

"काय केलं त्याने?" मी विचारलं.

"आजोबा, चालू मशीन बंद न करता आत काय चाललंय ते बघायला आम्ही प्रोब लावतो. मशीन त्या जागेवर आलं की क्षणभर थांबतं, प्रोब काय ते टिपतो, मशीन पुढे जातं. पण टिपायला प्रोबला स्वतःला जी वाट लागते ना, त्या वाटेवर प्रोब लावायचा नसतो. याने नेमका तिथेच लावला. मग प्रोबने टिपलं की प्रोब जागा होतो, तो टिपायला गेला की पुन्हा प्रोब जागा होतो..."

"आणि शेवटी बॅटरी उतरते," मी म्हणालो.

"बॅटरी नाही हो, मशीन अडकतं. तुम्हाला काय माहीत?"

मला काय माहीत! मी हे तलासरीत माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. फरक एवढाच की तिचं मशीन गप्प पडलं, आणि आमच्याकडे सगळी माणसं ओली गोणपाटं घेऊन पळत होती.

महाराष्ट्र वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. तेव्हा आमचा जिल्हा ठाणे. वाणगावच्या पलीकडच्या एका पाड्यातला मी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी आहे, आणि हे मी सांगणारच, कारण दुसरं कुणी सांगायला उरलेलं नाही. बी.एस्सी., फिजिक्स, सेकंड क्लास. माझा बाप हिवाळ्यात ज्या वखारीसाठी गवत कापायचा, त्याच वखारीत मी खुर्चीवर बसलो. खुर्चीचा एक पाय आखूड होता, पण खुर्ची होती.

बी.एस्सी. म्हणजे काय हे पाड्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे सगळं माझ्याकडे यायचं. बंद पडलेलं घड्याळ यायचं, खरखरणारा रेडिओ यायचा. एक काका दूध न देणारी म्हैस घेऊन आले. मी म्हैस तपासली. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

वखार गवताची. आमच्या डोंगरातलं गवत कापून, प्रेसमध्ये दाबून, तारेने बांधून त्याच्या गासड्या करायच्या आणि डहाणूहून वॅगनने मुंबईच्या तबेल्यांना धाडायच्या. मालक एक गुजराती शेठ. त्यांची गादी, म्हणजे पेढी, डहाणूला स्टेशनजवळ, मोठी वखार आणि प्रेस तलासरीत, तिथेच मी, आणि धाकटी वखार उधव्याला. गवताच्या धंद्यात चोर, पाऊस, म्हशी कशाचंच भय नसतं. भय एकच, आगीचं. मागे एका उन्हाळ्यात शेठची एक वखार जळाली होती. तेव्हापासून त्यांच्यासमोर कुणी विडी काढली तरी त्यांचे ओठ पांढरे पडायचे.

म्हणून त्यांनी तिन्ही ठिकाणांना जोडणारी दोन तारांची लाइन टाकली होती. निम्मे लाकडी खांब, बाकी वाटेत लागतील ते ताड. परवानगी कुठून आणली ते त्यांनाच ठाऊक. महायुद्धानंतर भंगारात निघालेले लष्करी फोन तिला जोडले होते. तिची रचना मात्र हुशारीची होती. तारांमध्ये डहाणूच्या बॅटरीची वीज कायम खेळती असायची. प्रत्येक ठिकाणी एका पेटीत चुंबक असे, तो त्या विजेवर एक पट्टी धरून ठेवायचा. तारेतली वीज पडली की पट्टी सुटायची आणि तिथली घंटा आपल्या स्वतःच्या सेलवर वाजायची. म्हणजे आगीत तार जळून तुटली तरी घंटा वाजणारच. बटण दाबलं की दोन तारा एकमेकींना टेकायच्या, वीज पडायची, तिन्ही घंटा वाजायच्या. थोडा वेळ वाजली तर फोन उचलायचा. वाजतच राहिली तर आग, सगळ्यांनी बादल्या आणि ओली गोणपाटं घेऊन धावायचं. दुसरं कुठलं साधन नव्हतं. बोलवायलाही तीच घंटा आणि बोंब मारायलाही तीच.

तलासरीची घंटा मावशी सांभाळायच्या. त्या मूळच्या वाढवणच्या. नवरा वखारीचा रखवालदार होता. तो गेल्यावर शेठने घंटेची खोली आणि घंटेचं काम त्यांच्याकडेच ठेवलं. ती खोली म्हणजेच त्यांचं घर. घंटा, फोन, चूल आणि कोंबड्या सगळं एकाच छपराखाली. फोन उचलून "हॅलो, तलासरी" असं त्या इतक्या ठसक्यात म्हणायच्या की पलीकडच्याला वाटावं अख्खं तलासरी बोलतंय.

होळी झाली आणि घंटा आपोआप वाजू लागली.

दुपार कलली, समुद्राकडून वारा सुटला की वाजायची. थोडी नाही, आगीची. माणसं प्रेस सोडून पळायची, गंजीला वेढा घालायची, धूर शोधायची. धूर नाही. घंटा बंद. परत कामाला लागेपर्यंत पुन्हा घंटा. सुरुवातीला लोक धावत होते. मग भरभर चालू लागले. मग रमत रमत येऊ लागले, बादलीच्या कडेला बसून गप्पा मारू लागले. काही जणांनी दुपारची भाकर तिथेच आणायला सुरुवात केली. गोणपाट भिजवायचं पाणी गार असायचं, त्यात कुणी काकड्या टाकून ठेवल्या.

शेठ जीपने तलासरीला आले आणि काकड्या पाहून त्यांचा तोल गेला.

"उद्या खरंच पेटलं तर हे काकडी खात बसणार! कोण वाजवतं घंटा?"

बटण तीन ठिकाणी. डहाणूचं शेठच्या गादीवर, तिथे दुसऱ्याची हात लावायची छाती नव्हती. उधव्याचा माल तोलणारा काटेवाला इतका आज्ञाधारक होता की शिंक आली तरी विचारून द्यायचा. उरल्या मावशी. त्यात त्यांनी नुकतंच छपराच्या कौलांवरून शेठला चारचौघांत सुनावलं होतं.

"एकटी बाई, दिवसभर बोलायला कोणी नाय," शेठ म्हणाले. "घंटा वाजवली की गाव जमा होतं. आणि मला त्रास द्यायचा तो वेगळाच."

मावशी दारातच उभ्या होत्या. "माझ्या दारात गाव जमलं तर चहा कोण पाजील? तुमी?"

"बाजाराच्या दिवसापर्यंत बघतो. घंटा थांबली नाय तर खोली खाली कर. कुलूप लावतो."

मावशींनी मागे वळून आपल्या चुलीकडे बघितलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. शेठनेही माझ्याकडे बघितलं.

"तू बी.एस्सी. ना? शोध."

मी म्हटलं, लाइन बंद करून तुकड्या-तुकड्याने तपासतो. शेठ म्हणाले, भर उन्हाळ्यात आगीची लाइन एक मिनिट बंद ठेवलीस तर आधी तुला बंद करतो. म्हणजे चालू लाइनवरच शोधायचं. ठीक आहे. मी टॉर्चच्या बल्बला दोन वायरी जोडल्या, टोकांना टाचण्या लावल्या, आणि खोलीशेजारच्या खांबाला शिडी लावून चढलो. बल्ब कुठे लख्ख लागतो, कुठे मंद, यावरून दोषाची जागा कळते. पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलं आहे.

मी टाचण्या तारांना टेकवल्या. बल्ब लागला आणि घंटा वाजली.

बल्बने तारेतली वीज ओढून घेतली, चुंबकाने पट्टी सोडली. पुस्तकातल्या तारेला घंटा नव्हती. खाली बघतो तो माझ्या शिडीभोवती माणसं गोळा झालेली.

"आग कुठंय?"

"आग नाही. मी तपासतोय."

"काय तपासताय?"

"घंटा का वाजते ते."

"तुमी वाजवताय म्हून!"

मागून आलेल्या एकाने गर्दी पाहून बादली उपडी केली. बादली माझ्यावर. मावशींनी टॉवेल दिला. "लागला का रं दिवा?" एवढंच विचारलं.

त्या संध्याकाळी मी एक गोष्ट पक्की केली. तपासणाऱ्याने तारेला हात लावायचा नाही. तारेला पत्ताही लागता कामा नये की कोणी तिच्याकडे बघतंय. मी हे फोनवरून शेठना सांगितलं. त्यांना पटलं. मग त्यांनी स्वतःच्या डोक्याने हुकूम काढला.

"उद्यापासून प्रत्येकाने घंटेजवळ बसायचं. घंटा वाजली की ताबडतोब मला कळवायचं, किती वाजली, कशी वाजली. म्हणजे पत्ता लागेल."

"शेठ, कळवायचं कसं?"

"फोनवर, बीजुं शुं?"

"फोनवर बोलवायला बटण दाबावं लागतं. बटण दाबलं की घंटा वाजते. सगळीकडची."

"मग?"

"मग सगळे ती घंटा कळवतील."

"अरे भाई, ज्याची घंटा वाजली त्याने कळवायचं, यात शुं खोटुं?"

मी पुन्हा समजावलं. ते म्हणाले, तू शिकलेला आहेस म्हणून साधी गोष्ट अवघड करतोस. फोन ठेवला. मी तेव्हाच सांगितलं होतं, याला मावशी साक्षी होत्या.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली, वारा सुटला, घंटा वाजली आणि थांबली. इथवर नेहमीसारखंच.

उधव्याच्या काटेवाल्याने कळवायला बटण दाबलं. आमची घंटा वाजली. मावशी म्हणाल्या, "वाजली. कळवू का?"

मी म्हटलं, "ती आपल्यासाठी नव्हती. तो शेठना कळवतोय."

"हुकूम हाय, वाजली की कळवायची. नाय कळवली तर बोलतील, हिनंच वाजवली म्हून गप बसली."

हे खरं होतं. त्यांनी बटण दाबलं. डहाणूत शेठ उधव्याशी बोलू लागले होते, तेवढ्यात पुन्हा घंटा. "आ कोण छे?" म्हणून विचारायला त्यांनी बटण दाबलं. ती घंटा उधव्याला ऐकू गेली आणि काटेवाल्याने ती इमानदारीने कळवली. ती आम्हाला ऐकू आली. मावशींनी कळवली. फोन उचलला की आत तिघंही एकदम ओरडत. "वाजली!" "इथंही वाजली!" "हमणां कोणी वाजवली?" "मी, कळवायला!" "काय कळवायला?" "वाजली म्हणून!"

बाहेर लोक पळत होते. नेहमीप्रमाणे रमत नव्हते. घंटा इतकी सलग वाजत होती की या खेपेला खरंच पेटलं असं सगळ्यांना वाटलं. गंजीवर पाणी ओतलं, प्रेसवर ओतलं, वाळत घातलेल्या गवतावर ओतलं. एकाने खबरदारी म्हणून मावशींच्या चुलीवर ओतलं, वरण होतं ते गेलं. बैल दावं तोडून बाजाराच्या दिशेने निघाले. मी मधे उभा राहून ओरडत होतो, "कळवू नका! कोणी काही कळवू नका!" आणि प्रेसवाल्याने येऊन विचारलं, "हे शेठना कळवू का?"

मग एका क्षणी घंटा वाजली ती थांबेचना. कोणी बटण दाबत नव्हतं. मावशींचे दोन्ही हात त्यांच्या कानांवर होते. मला लगेच कळलं. दुपारभर तारा टेकवून टेकवून डहाणूची बॅटरी उतरली होती. बॅटरी उतरली म्हणजे तारेत वीज नाही. वीज नाही म्हणजे पट्टी सुटलेली. पट्टी सुटली म्हणजे घंटा. आता ती सेल संपेपर्यंत वाजणार. मावशींनी तिला गोधडी गुंडाळली, वर उशी बांधली. गोधडीच्या आतून ती गुरगुरत राहिली.

दिवस मावळायला आला तेव्हा उधव्याचा काटेवाला घामाने निथळत सायकलवरून आला. फोन लागत नव्हता म्हणून. हाशहुश करत म्हणाला, "साहेब, कळवायला आलोय. घंटा वाजतेय."

सकाळी शेठ डहाणूची बॅटरी बदलून, घंटेसाठी नवे सेल घेऊन आले. आवाज बसला होता. बाजार दुसऱ्याच दिवशी होता. मावशींनी भांडी एका पोत्यात भरून ठेवली होती, कोंबड्या टोपलीखाली झाकल्या होत्या. मी शेठना म्हटलं, "आज माझ्या पद्धतीने. घंटा वाजली तर कोणी बटणाला हात लावायचा नाही, अगदी तुम्हीसुद्धा. मी दर थोड्या खांबांना एक माणूस उभा करतो. त्याने फक्त तारेकडे बघायचं. काही दिसलं तर पांढरं फडकं हलवायचं."

"आणि ही?" शेठने मावशींकडे बोट केलं.

"त्यांना खोलीबाहेर सगळ्यांसमोर बसवा."

शेठचा माणसांवर विश्वास नव्हता, काट्यावर होता. ते म्हणाले, "समोर बसली तरी नजर चुकवून जाईल. काट्यावर बसव. उठली की दांडी सांगेल."

मला हसू आलं, पण विचार केला तर कल्पना बिनचूक होती. गासड्या तोलायचा फळीचा काटा घंटेच्या खोलीपासून चांगला लांब, अंगणाच्या मधोमध होता. तारेशी त्याचा काही संबंध नव्हता. बाई हलली तर दांडी हलेल, तारेला कळणारही नाही. मावशी काट्यावर मांडी घालून बसल्या. मी वजनं सरकवून दांडी सरळ केली.

"वजन मोठ्यानं बोलू नको," त्या कुजबुजल्या.

थोड्या वेळाने त्यांनी तंबाखूची चंची काढली. शेठ ओरडले, "थुंकायचं नाय! वजन बदलेल!"

"मग गिळू काय?"

चंची परत गेली. मागे गासड्यांच्या गाड्या तोलायला येऊन थांबत होत्या. काटा अडलेला. गाडीवान खाली उतरून बसले. दुसऱ्या दिवशीच्या बाजाराला माल आणलेले लोक कुंपणाबाहेर उभे राहिले. बाईची गासडी करतात की काय, असं एकाने विचारलं.

वारा सुटला. घंटा वाजली.

आणि एकही माणूस धावला नाही. सगळे दांडीकडे बघत होते. आगीचं नाव काढलं की पांढरे पडणारे शेठही दांडीकडेच बघत होते. दांडी सरळ. मावशींनी दोन्ही हात डोक्यावर धरले होते.

"पायाने..." शेठ पुटपुटले.

"पाय माझ्याखाली हायत," मावशी म्हणाल्या. "मोजलेत तुमी."

तेवढ्यात गंजीच्या माथ्यावरून प्रेसवाला फडकं हलवायला लागला. गंजीमागच्या ताडावर ज्या आडव्या फळीवरून तारा गेल्या होत्या, ती खालून दिसायची नाही, इतकी गंजी उंच होती. मी शिडी घेऊन धावलो. वर फळीच्या बेचक्यात कावळ्याचं घरटं. काड्या थोड्याच, बाकी सगळं गासड्या बांधायच्या तारेचे तुकडे. आम्ही प्रेसजवळ जे तुकडे तोडून टाकत होतो, ते कावळीने नीट निवडून नेले होते. एक टोक बाहेर आलेलं. वाऱ्याने ताड झुलला, वर कावळी दडपून बसली, की ते टोक दोन्ही तारांना टेकायचं. ती उडाली की सुटायचं. आमची आगीची घंटा एक कावळी अंडी उबवत वाजवत होती.

मी हात पुढे केला. कावळीने डोक्यावर टोच मारली, माझा हात घरट्याला लागला, घंटा वाजली. अंगणात सगळ्यांनी पुन्हा दांडीकडे बघितलं. सरळ.

"घरटं पाडू नको!" खालून मावशी ओरडल्या. "पिल्लं असतील!"

पाडायची गरजही नव्हती. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा उभा चिरून बांबूच्या टोकाने त्या जागी तारेवर चढवला. लाइन क्षणभरही बंद झाली नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वारा होता आणि घंटा गप्प होती. एवढं पुस्तकात नव्हतं, ते मी केलं.

शेठ मावशींपाशी आले. "चाल, ऊठ हवे."

मावशी हलल्या नाहीत. "मी नव्हते, असं सांगा आधी."

"अरे, समजलं सगळ्यांना."

"समजलं असेल. तुमी सांगा."

शेठने इकडेतिकडे बघितलं. गाड्यांची रांग कुंपणाबाहेर गेली होती, मुंबईची वॅगन डहाणूत उभी होती, आणि काट्यावर मावशी मांडी घालून बसलेल्या. शेठ गुजरातीत काहीतरी पुटपुटले.

"मराठीत," मावशी म्हणाल्या. "गाडीवानांना कळेल असं."

"तू नव्हतीस," शेठ मोठ्याने म्हणाले. "खोली तुझीच आहे. आता उतर बाई, माल तोलायचाय."

मावशी उतरल्या तेव्हा दांडी खाडकन खाली आपटली आणि कुंपणाबाहेरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोत्यातली भांडी त्यांनी तशीच आत नेली, कोंबड्या सोडल्या. गासडीच्या तारेचे तुकडे रोज उचलायचा नवा हुकूम निघाला, कौलंही बदलून मिळाली.

नातीने हे सगळं ऐकून विचारलं, "मग तुमचा प्रोब कुठला शेवटी? काटाच ना?" मी म्हटलं, काटाच. तारेला न शिवणारा. ती म्हणाली, उद्या ऑफिसात सांगते. सांग म्हटलं.

मावशी पुढेही वर्षानुवर्षं त्या खोलीत राहिल्या. शेठने डहाणूहून बटण दाबलं की तलासरीतून तोच ठसका यायचा, फक्त त्यात थोडी भर पडली होती. "हॅलो, तलासरी. दोन्ही हात वर हायत. बोला शेठ."

दोन्ही हात वर असताना फोन कशाने धरलाय, हे शेठने कधीच विचारलं नाही.